आंबाखूटला आलेला समुद्र

आंबाखूट आश्रमशाळा
२ ऑगस्ट १९९७

प्रिय जशोमती,

जय श्रीकृष्ण. अक्षर ओळखलंस का? जामनगरच्या हॉस्टेलात तुझ्या पेटीतल्या सुक्या बोंबलांचा वास येतो म्हणून रेक्टरबाईंकडे तक्रार करणारी, आणि नंतर तीन वर्षं तुझ्याच शेजारच्या खाटेवर झोपणारी दक्षा पंड्या.

परवा वर्तमानपत्रात सागरगाडीचा फोटो पाहिला आणि शेजारी तू. समुद्रातले जिवंत प्राणी टाक्यांत घालून तू गावोगावच्या शाळांत नेतेस म्हणे. मी एकटीच मोठ्याने हसले. प्राणिशास्त्राच्या तासाला बाटलीतला मेलेला खेकडा बघून "याला आधी पाण्यात सोडा, मग शिकवा" म्हणणारी तूच ना?

मी इथे सहा वर्षं शिकवतेय. गुजरातच्या या टोकाला डोंगर आणि मका सोडून काही नाही. शाळेतली निम्मी मुलं वसाहतीतली आहेत, म्हणजे धरणाखाली गेलेल्या गावांची. गेल्या आठवड्यात त्यांना समुद्राचं चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांनी पलीकडचा काठ काढला, काठावर म्हशी काढल्या. मी म्हटलं, समुद्राला पलीकडे काठ दिसत नाही. तर चौथीतली सूमली म्हणाली, "मग पाणी थांबतं कशाला?"  मीही समुद्र पाहिला तो तुझ्याबरोबर एकदाच, तोही अंधारात.

तुझी गाडी इथवर आण. लांब आहे, रस्ता वाईट आहे, तरी आण.

तुझी,
दक्षा


मीठाणा बंदर
१४ सप्टेंबर १९९७

दक्षा,

फोटोत माझी फक्त ओढणी आहे, चेहरा टाकीमागे गेलाय. तरी ओळखलंस.

गाडी एका ट्रस्टची आहे. कुठे जायचं ते वरून ठरतं. तुझ्या शाळेचं नाव मी पुढे सरकवलंय आणि त्यांना ते आवडलं आहे, लांबच्या आदिवासी शाळा त्यांना हव्याच आहेत. दिवाळीनंतर येऊ.

एवढं कर. गाडी उभी करायला दाट सावली बघ. त्या दिवशी मुलांनी हाताला साबण किंवा तेल लावायचं नाही. आणि आधी काही सांगू नकोस, पुस्तकातली चित्रं दाखवू नकोस. हात आधी लागू दे, नाव नंतर सांगू.

आमच्या घरासमोर ओहोटीला खडक उघडे पडतात. तिथूनच मी सगळं गोळा करते आणि परत आल्यावर ज्याला त्याला त्याच्या डबक्यात सोडते. बापू पूर्वी माझ्याबरोबर यायचे, आम्ही बापलेक मिळून गोळा करायचो. समुद्रकाकडी कुठल्या दगडाखाली असते ते त्यांनीच दाखवलं. आता येत नाहीत.

सूमलीला सांग, पाणी थांबत नाहीच. दिवसातून दोनदा आमच्या दारापर्यंत येतं आणि परत जातं.

जशोमती


आंबाखूट
२० डिसेंबर १९९७

प्रिय जशो,

तू गेलीस आणि शाळेत दोन दिवस कुणी पाटीला हात लावला नाही.

सूमलीच्या तळहातावर तू ती मऊ, जिवंत समुद्रकाकडी ठेवलीस, पोरगी दगडासारखी उभी राहिली, आणि मग ओरडली, "बाई, हे माझ्यावर मुतलं!" अजून वर्गात तेच चाललंय. कानजीने टाकीतलं पाणी चाटून बघितलं आणि एवढं मीठ कोण टाकतं म्हणून तुझ्या ड्रायव्हर गफूरभाईंशी भांडला. फुगणारा मासा बघून पोरं अजून गाल फुगवून हिंडतात. आमची स्वयंपाकीण कमूबेन खेकड्याकडे बघून मला हळूच म्हणाली, यात तिखट किती घालतात?

दुपारपर्यंत तू हॉस्टेलातली जशो होतीस. गुडघ्यावर बसून एकेका पोराचा हात धरून पाण्यात घालत होतीस. मग गाडीचा खर्च देणाऱ्या कंपनीचे संघवीसाहेब फोटोग्राफर घेऊन आले आणि तू काठीसारखी झालीस. त्यांनी मुलांच्या हातात कंपनीचा कापडी फलक दिला, तर तू पाठ फिरवलीस. ते बिचारे आमच्यात मांडी घालून मक्याचा रोटला जेवले, आणि तू गाडीतून खालीसुद्धा उतरली नाहीस. मी ताट घेऊन आले तर भूक नाही म्हणालीस. अजून तो बोंबलाचा राग धरून आहेस की काय?

साहेब म्हणाले, एप्रिलमध्ये सगळ्या मुलांना मीठाण्याला नेऊ, खरा समुद्र दाखवू. बसचा खर्च कंपनी करेल. मुलांना सांगितलं. त्यांना खरंच वाटलं नाही.

घरी बापूंना नमस्कार सांग. एकदा तुझ्या घरी यायचंच आहे.

तुझी,
दक्षा


मीठाणा
११ जानेवारी १९९८

दक्षा,

जेवले नाही कारण टाकीतला हवेचा पंप बंद पडला होता. मी हाताने पाणी ढवळत बसले होते. तरी परतीच्या वाटेवर बरेच जीव गेले. सूमलीच्या हातावरची समुद्रकाकडी गेली. तिला सांगू नकोस.

मुलांकडून कंपनीच्या आभाराची पत्रं मागतील. मागितली तर आधी मला पाठव, परस्पर देऊ नकोस.

तू नमस्कार सांगायला सांगितलास. बापू माझ्याशी बोलत नाहीत. लग्नावरून नाही, तू तसं समजशील म्हणून लिहिलं. नोकरीवरून आहे.

तुझी मुलं चांगली आहेत. एवढे प्रश्न मला शहरातल्या शाळांत कुणी विचारत नाही.

जशोमती


आंबाखूट
३ मार्च १९९८

प्रिय जशो,

पत्रं तुझं पत्र यायच्या आधीच गेली. संघवीसाहेबांनी माणूस पाठवला होता, त्याच्याच हाती दिली. मुलांनी काय गोड लिहिलंय! ते तुझ्याकडून तपासून घ्यायचं म्हणजे मला कळलं नाही. सहा वर्षं भाषा शिकवतेय ना मी?

बापूंचं वाचून वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. खारव्यांची, मासेमारांच्या घरची मुलगी परक्या पुरुषांबरोबर गाडीतून गावोगाव हिंडते हे त्यांना कसं रुचेल? माझ्या बापूजींनीही मी इथे आले तेव्हा वर्षभर अबोला धरला होता. धीर सोडू नकोस. वितळतील.

एक आनंदाची गोष्ट. कंपनी मुलींसाठी राहायची पक्की खोली बांधून देणार आहे, न्हाणीघरासकट. पाचवीनंतर आमच्या मुली घरी बसतात त्या याच एका कारणाने. मी सहा वर्षं अर्ज करतेय, कुणी दारात उभं केलं नव्हतं.

आणि सहल ठरली. चोवीस एप्रिल. त्या दिवशी तुमच्या गावी जनसुनावणी की काय सरकारी कार्यक्रम आहे. मुलांनी तासभर मांडवात बसायचं, मी सागरगाडीबद्दल दोन शब्द बोलायचे, आणि मग समुद्र.

दक्षा


मीठाणा
२५ मार्च १९९८

दक्षा,

चोवीस एप्रिलला मुलांना आणू नकोस. ऊन फार असतं, एवढ्या लांबच्या प्रवासाने मुलं आजारी पडतील. शिवाय त्या वेळी भरती असेल, खडक पाण्याखाली असतील, काही दिसणार नाही. थंडीत आण. थंडीतली ओहोटी मोठी असते. मी स्वतः सगळ्यांना खडकांवरून फिरवीन, आमच्या ओसरीवर उतरवीन, खिचडी घालीन.

माझं एवढं ऐक. बाकीचं भेटीत सांगेन.

जशोमती


आंबाखूट
६ एप्रिल १९९८

जशोमती,

ऊन इथेही आहे. ही मुलं उन्हातच गुरं राखतात.

खरं सांगू? साहेबांनी तुला न विचारता मला बोलावलं, मंचावर बसवणार आहेत, हे तुला लागलंय असं मला वाटतं. समुद्र तुझा, हे मान्य. पण तो थोडा दुसऱ्यांनाही बघू दे. मुलांनी कपडे धुऊन घडी करून उशाशी ठेवलेत. त्यांना आता मी थंडीत जाऊ असं सांगायचं?

आम्ही येतोय.

दक्षा


मीठाणा
२ मे १९९८

दक्षा,

भेटीत सांगेन म्हणाले होते. भेट झाली, सांगितलं नाही. आता लिहिते.

कंपनीला मीठाण्यात धक्का बांधायचाय, कोळशाची जहाजं लागण्यासाठी. धक्का आमच्या घरासमोरच्या खडकांवर येणार. तुझ्या मुलांच्या हातात मी जे जे ठेवलं ते सगळं तिथलं. जनसुनावणी म्हणजे गावाला विचारायचं, तुमची हरकत आहे का. ट्रस्ट कंपनीचाच. सागरगाडी काढली ती धक्क्याचा अर्ज केला त्याच वर्षी. मला हे नोकरी धरली त्या दिवसापासून माहीत होतं.

बोटीचं इंजिन गेलं होतं, घर माझ्या पगारावर चालत होतं, माझ्या भावाला, भीखूला, धक्क्यावर काम देऊ असं कंपनीवाले म्हणाले होते. ही कारणं खरी आहेत. पण याहून खरं म्हणजे मला ते काम आवडत होतं. पोरांचे हात पाण्यात घालायला मला दुसऱ्या कुणी पैसे दिले नसते.

त्या दिवशी मी कंपनीची पिवळी साडी नेसून तुझ्या मुलांना पाणी वाटत होते. पुढच्या सगळ्या खुर्च्या त्यांनी तुमच्यासाठी आणि आणखी दोन शाळांसाठी ठेवल्या होत्या. गावातली माणसं दोरीच्या बाहेर, उन्हात. बोलायचं म्हणून त्यांनी सकाळीच नावं दिली होती. आधी साहेब बोलले. मग मुलांची पत्रं वाचून दाखवली. मग तू उठलीस. तू म्हणालीस, "ज्यांनी माझ्या मुलांना समुद्र आणून दिला, ते समुद्राचं वाईट कसं करतील?" टाळ्या झाल्या. सरकारी अधिकाऱ्याने ते वाक्य लिहून घेतलं. मी बघत होते.

गावातल्या माणसाला बोलावलं तेव्हा माईक बंद झाला होता. पांढऱ्या पागोट्याचा म्हातारा पुढे आला, माईकशिवायच बोलला. "या पोरांना कुणीतरी जेवायला घाला आणि घरी न्या. यांचं यात काही नाही." तुला राग आला. तू माझा हात धरून विचारलंस, "हा म्हातारा कोण गं?"

मी म्हणाले, "असेल गावातला कुणी."

ते माझे बापू. माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

जशोमती


आंबाखूट
२८ जून १९९८

जशोमती,

हे पत्र मी बऱ्याचदा लिहिलं आणि फाडलं.

तू एक ओळ लिहू शकली असतीस. "धक्का होणार आहे." एवढीच. तू ऊन लिहिलंस, भरती लिहिलीस. मी तिथे उभी राहून जे बोलले ते मला खरं वाटत होतं म्हणून बोलले. तू मला बोलू दिलंस, शेजारी उभी राहून पाण्याचे पेले भरत राहिलीस. आता मलाच आरोपी करू नकोस.

मुलांना समुद्र दिसला तो दोरीच्या अलीकडून. फोटोपुरता. सूमलीने साहेबांना विचारलं, ते हाताला लागणारे कुठे आहेत? साहेब म्हणाले, टाकीत. परतीच्या बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. मला वाटलं, दमली असतील.

मुलांनी घरी जाऊन सगळं सांगितलं. चार दिवसांनी वसाहतीतले आईबाप आले. भांडले नाहीत. सूमलीचा बाप दितिया व्हरांड्यात उकिडवा बसला आणि म्हणाला, "आमच्या धरणाच्या वेळीपण मांडव होता बेन. चहा होता, गाठिया होत्या. मास्तरीण तेव्हा दुसरी होती." मग ते आपापली पोरं घेऊन गेले. कानजी गेला. सूमली गेली. शाळा निम्मी रिकामी झाली.

मी सहा वर्षं या माणसांच्या दारोदार फिरून ही मुलं जमवली होती, जशो. एका दिवसात मी त्यांच्यासाठी 'ती दुसरी' मास्तरीण झाले.

मुलींच्या खोलीचा पाया मात्र खणून झालाय.

दक्षा


मीठाणा
९ नोव्हेंबर १९९९

दक्षा,

वर्षाहून जास्त झालं. मध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं.

कंपनीला परवानगी मिळाली. त्याच महिन्यात सागरगाडी बंद झाली, कारण विचारायला गेले तर संघवीसाहेबांची बदली झाली होती. टाक्या कंपनीच्या उपाहारगृहात आहेत, एकीत रंगीत मासे सोडलेत, दुसरीत थंड पेयाच्या बाटल्या. भीखूला काम मिळालं नाही, ठेकेदार आपली माणसं घेऊन आला. खडकांवर धक्का उभा राहिलाय, घरासमोर तारेचं कुंपण झालंय. आमच्या मीठाण्याच्या पोरांना आता पाण्यात पाय घालायचा तर वळसा घालून दुसऱ्या गावी जावं लागतं. लहान पोरं तेवढी लांब जात नाहीत. भरतीचा आवाज तेवढा घरात येतो.

गावाने कोर्टात दावा लावलाय. कंपनीने आपल्या बाजूने तुझं भाषण दाखल केलंय, शिक्षणतज्ज्ञ दक्षाबेन पंड्या म्हणून, फोटोसकट. आमचे वकील म्हणतात, तू एक कागद लिहून दिलास की मला आणि मुलांना कशासाठी आणलंय ते सांगितलं नव्हतं, तर ते भाषण बाजूला काढता येईल. चार ओळी पुरतात. मीही साक्ष देणार आहे. जमलं तर तूही ये.

मी पूर्वी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

जशोमती


आंबाखूट
१२ डिसेंबर १९९९

प्रिय जशो,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून नीट झोप नाही.

खोली पूर्ण झाली. दिवाळीनंतर सतरा मुली राहायला आल्या. सूमली परत आली. मी दितियाकडे पाच वेळा गेले, पाचव्या वेळी तो काही न बोलता तिची पिशवी घेऊन चालू लागला. खोली नसती तर ती आज दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत असती. कंपनीने आता तिथे पाण्याची मोटर आणि मुलींजवळ राहायला एक कायमची बाई द्यायचं कबूल केलंय. संस्थेच्या अध्यक्षांना मी तुझं पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, दक्षाबेन, कागद लिहायचा तर राजीनामाही सोबत लिहा, मोटर तर येणार नाहीच.

तू म्हणशील, मग लिही दोन्ही. मी गेले तर इथे शिकवायला दुसरी कुणी येणार नाही. हा बहाणा नाही, तुला इथला रस्ता माहीत आहे.

धक्का तर झालाय ना? माझ्या चार ओळींनी तो कोण पाडणार? तुझे खडक परत येणार असते तर मी लिहिलं असतं असं मला वाटतं. खरंच वाटतं. मुली रात्री सुरक्षित झोपतात, तेवढं तरी त्या सगळ्यातून वाचलं असं समज.

कधीतरी ये. मुली अजून तुझं नाव काढतात.

तुझीच,
दक्षा


मीठाणा
१९ मार्च २०००

दक्षा,

परवा साक्ष झाली. तुला सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून लिहिते असं नव्हे. तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

मी सगळं सांगितलं. गाडी का काढली, प्राणी कुठून उचलले, मुलांना काय सांगून आणलं. कंपनीचे वकील तरुण आहेत, फार नम्र आहेत. त्यांनी मला बसायला खुर्ची मागवली. मग विचारलं, दोन वर्षं पगार घेतलात? घेतला. त्या दिवशी पिवळी साडी तुम्हीच नेसला होता? होते. शाळांना ही कंपनी समुद्राची काळजी घेते असं तुम्हीच सांगत होता? सांगत होते.

"मग बेन, तुम्ही तेव्हा खोटं बोलत होता की आता बोलताय?"

"तेव्हा," मी म्हणाले.

"तर मग आता बोलत नाही हे कोर्टाने कशावरून धरायचं?"

मागे कुणीतरी हसलं. त्यांनी आणखी एकच विचारलं. जनसुनावणीत जो म्हातारा बोलला त्याला तुम्ही ओळखत होता का? त्यांना हे कुठून कळलं, ठाऊक नाही. त्या मांडवात आपल्या आजूबाजूला त्यांचीच माणसं होती. मी म्हणाले, ओळखत होते. "मग तेव्हा ओळखत नाही असं का म्हणालात?"  मग वकीलच म्हणाले, दुसरं काही विचारायचं नाही.

बापू मागच्या बाकावर बसले होते. गावातल्या माणसांनी त्यांना मुद्दाम आणलं होतं, मुलगी बाजूने बोलते ते ऐका म्हणून. मी वळून पाहिलं तेव्हा ते उठून चालू लागले होते. मला वाटलं, बाहेर थांबले असतील. स्टँडवर गेले तर मीठाण्याची गाडी सुटून गेली होती आणि ते तिच्यात होते. मी पुढच्या गाडीची वाट बघत बसले. चहावाल्याने विचारलं, बेन, एकट्याच?

दाव्याला पुढची तारीख पडली आहे.

तुला कागद मागितला तो खडकांसाठी मागितला असं मला तेव्हा वाटत होतं. त्या पिंजऱ्यात उभी राहिल्यावर कळलं, मला शेजारी कुणीतरी हवं होतं, जे मांडवातही होतं. तुझं सगळं खरं आहे. मुली आहेत, मोटर आहे, रस्ता वाईट आहे. तुझ्यावर राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आता तेवढं मला करायचं नाही.

येत्या परवापासून वेरावळला मासे सोलण्याच्या कारखान्यात जाणार आहे. तिथे पंधरा पंधरा जणी एका खोलीत राहतात. सूमलीला सातवीवर थांबवू नकोस. तिने माझ्याबद्दल विचारलं तर मी काय केलं ते सगळं सांग, आणि तू काय केलंस तेही.

नवा पत्ता कळवत नाही.

जशोमती